हैबतीचं पुढं काय झालं

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचत आलोय, आणि खोटं कशाला बोलू... निम्म्यांवर हसलोय. लाल गाडीवर कंडक्टर होतो मी. सगळी नोकरी जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत याच पट्ट्यात गेली. शेवटच्या गाडीत पांढऱ्या लुगड्यातली बाई चढली आणि मधेच गायब झाली, हा किस्सा मला प्रत्येक स्टँडवर कोणीतरी ऐकवलाय. प्रत्येकाला मी एकच विचारलं, "तिकीट फाडलं होतं का?" माझ्या गाडीत फुकट बसायला भूतसुद्धा धजावलं नसतं. देवाला हात जोडतो, पण अंगारे-धुपारे, बाहेरचं, लागिर... या सगळ्याचा मला तिटकारा. आजही आहे. तेव्हा खालचं वाचून कोणी मला मांत्रिकाचा पत्ता कळवू नये, एवढी विनंती.

आम्ही सेलूचे. घर गावात, आणि पाथरी रोडला थोडी जमीन. तिथं पत्र्याचं शेड आहे, एक खाट, एक माठ, चार अवजारं. आमच्याकडे याला आखाडा म्हणतात — कुस्तीचा नव्हे, शेतातला. घरात मी आणि बायको मंगल. मुलगा पुण्याला. शेजारच्या दारात धाकटा भाऊ राहतो, त्याची बायको शोभा दिवसातून दहा चकरा मारणार. बस्स, एवढीच माणसं आहेत या गोष्टीत.

मंगल चारठाण्याची. तिला वाचायचं याड होतं. दुसरा शब्दच नाही. मी ड्युटीवरून यावं तर ही गॅसपुढं एका हातात पुस्तक धरून उभी आणि भाजी करपून कोळसा. मी ओरडायचो, ती पान उलटायची. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिनं वाचनालयातून एक ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका धरली. एकच गोष्ट आणि सहा जाडजूड खंड. नाव सांगत नाही, बिचाऱ्या लेखकाचा यात काय दोष? निजामी मुलखाच्या सरहद्दीवरची एक गढी, तिथं पागेत चाकरीला असलेला हैबती नावाचा घोडेस्वार, त्याची बायको गोदा, त्याची घोडी. राजे-सरदार त्यात लांबून येऊन जायचे, गोष्ट सगळी हैबतीची. जेवताना मंगल मला सांगायची, "आज हैबतीला कैद झाली बगा." जणू आमच्या गल्लीतलाच माणूस.

तिसरा खंड निम्म्यावर आला आणि तिचे डोळे गेले. साखरेचा आजार जुनाच होता, पडद्यामागं रक्त उतरलं. डॉक्टर म्हणाले, आता उजेड-अंधार कळेल, तेवढंच. किडन्याही कुरकुर करायल्यात म्हणाले. बाई दवाखान्यात रडली नाही. परतीच्या रेल्वेतही नाही. घरी आल्यावर उशापाशी ठेवलेलं पुस्तक हाताला लागलं, आणि मग जो हंबरडा फोडला... शोभा पळत आली. मला वाटलं, डोळ्यांसाठी रडतेय. तर म्हणते, "अवं, हैबतीचं पुढं काय झालं ते आता मला कसं कळायचं?"

हसावं की रडावं मला कळेना. म्हटलं, "मी वाचून दाखवतो की." ती रडता रडता म्हणाली, "तुमी? तुमी तं पेपरातलं राशिभविष्य बी सोडून देता." पण मी मनाशी पक्कं केलं. हिचे डोळे मला परत आणता येत नाहीत, किडन्या आणता येत नाहीत. पण ही गोष्ट हिला शेवटच्या पानापर्यंत ऐकवायची. त्यासाठी ही जगली पाहिजे आणि मी वाचलं पाहिजे. सबंध हिवाळ्यात मला दुसरं काही नको होतं.

दिवाळी झाली होती. पहिल्या दिवशी दुपारी गच्चीवर सतरंजी टाकली, तिला उन्हाकडे पाठ करून बसवलं आणि सुरू केलं. एक परिच्छेद झाला नाही तोच तिनं हात वर केला.

"थांबा. असं न्हाई. मी हूं म्हनल्याबिगर पुढचं वाक्य घ्यायचं न्हाई."

हुंकार द्यायची चाल तुम्हाला माहीत असेल. गोष्ट सांगणाऱ्याला, पोथी वाचणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हूं हूं म्हणायचं, म्हणजे त्याला कळतं की समोरचा जागा आहे. मंगलचे वडील — अप्पा — चारठाण्याला देवळात पोथी वाचायचे, आणि हुंकार द्यायला ही बसायची. एवढीशी पोर, पण डुलकी म्हणून लागू द्यायची नाही. अप्पांचा एक कडक नियम होता. हुंकार देणारं समोर नसेल तर मोठ्यानं वाचायचंच नाही.

"कामून?" मी विचारलं.

"अप्पा म्हनायचे, मोठ्यानं वाचलं की ऐकनारं लागतंच. आपलं कोनी नसलं तर दुसरं येऊन बसतं."

"बसू दे की. त्याचं बी तिकीट फाडू."

ती हसली नाही. म्हणाली, "वाचा पुढं."

तिचा हुंकार मात्र ऐकत राहावा असा होता. साध्या वाक्याला छोटा, लढाईत घाईचा, आणि काही वाईट घडलं की लांब, शेवटी किंचित तुटलेला. माझं वाचन त्याच्यापुढं अगदीच भंगार. "अवं, वाचायलात का बेल मारायलात?" ती म्हणायची. "स्टॉप नसला की थांबता, अन् स्टॉप आला की दामटता गाडी." शोभा तोंडाला पदर लावून हसायची. आयुष्यभर मी लोकांना गाडीत ओरडून गप्प बसवलं, आणि इथं एक जोडाक्षर मला घाम फोडायचं. मला त्याची लाज वाटायला लागली.

म्हणून मी एक युक्ती काढली. तूर काढणीला आली होती, हरभऱ्यात रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप घुसत होते, त्यामुळे सकाळी आखाड्यावर जावंच लागायचं. पुस्तक पिशवीत टाकायचो. दुपारी जी पानं वाचायची ती सकाळीच तिथं एकदा मोठ्यानं वाचून काढायची, जिभेला वळण लागावं म्हणून. मंगलला सांगितलं नाही. म्हटलं, दुपारी एकदम फर्डं वाचून दाखवू, बाईनं तोंडात बोट घातलं पाहिजे.

चांगलं लख्ख ऊन होतं. मी शेडच्या दारात खाटेवर बसलेलो, समोर हरभरा, रस्त्यावरून कापसाचे टेम्पो जायलेले. गढीला वेढा पडलाय, विहीर आटलीय आणि हैबती घोडीला पाणी पाजायला चोरून नदीत उतरतो, असा प्रसंग. एक वाक्य संपलं. आणि माझ्या पाठीमागून, शेडच्या आतून आलं — "हूं."

मी पुढचं वाक्य वाचलंसुद्धा! सवय लागलेली ना. ते वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी थांबलो.

उठून आत बघितलं. खताच्या रिकाम्या गोण्या, फवारणीचा पंप, कुदळ. पत्र्यावर होला पक्षी घुमत असेल म्हणून बाहेर येऊन वर बघितलं. काही नाही. कापूस वेचणीच्या बाया त्या दिवशी आल्याच नव्हत्या. परत बसलो, एक वाक्य वाचलं. हूं. दुसरं वाचलं. हूं.

घाबरलो का? नाही. हे लिहिताना आता माझ्या अंगावर काटा येतोय, पण तेव्हा नाही आला. आवाज ओळखीचा होता हो. वेढ्याच्या गडबडीत घाईचा. आणि नदीच्या लोंढ्यात घोडी वाहून गेली तिथं लांब... शेवटी किंचित तुटलेला.

दुपारी गच्चीवर तेच पान उघडलं. दोन-चार वाक्यं झाली आणि मंगल म्हणाली, "हे झालंय की. पुढचं घ्या."

"कधी झालं?"

"घोडी न्हाई का गेली नदीत? अन् गोदा काठावर बसून राहती, कोनाशी बोलंना. झालंय ते."

पुस्तक माझ्या मांडीवरून खाली पडलं. ते पान मी घरात उघडलंच नव्हतं. पुस्तक सकाळपासून माझ्या पिशवीत. शोभा वाळलेले कपडे काढायला आली होती, तिला विचारलं, "सकाळी ही काय करत होती?" ती म्हणाली, "दादा, बाई चहा पिऊन परत निजल्या अन् झोपंतच हूं हूं करायल्या होत्या. मला वाटलं हिव वाजायलंय, गोधडी टाकली अंगावर."

मी मोठा शहाणा. मी हिशोब लावला की हुंकार हिचाच. हिचं मन त्या गोष्टीत इतकं गुंतलंय की झोपेत हिला माझं वाचन ऐकू येतं, आणि हिचा हुंकार मला. कसं, ते विचारू नका. पण नवरा-बायकोत इतक्या वर्षांनी असं काही होत असेल, असं मला वाटलं. खरं सांगतो, मला त्याचा आनंद झाला. जगात कोणाची बायको इतक्या लांबून हुंकार देते?

आणि मग मला त्या गोष्टीचं वेडच लागलं. आयुष्यात कधी पुस्तक न धरलेला मी, सकाळी उजाडायची वाट बघायचो. आखाड्यावर गेलो की खाटेवर बसायचो आणि वाचत सुटायचो. तूर कापून खळ्यावर पडलेली, मळणीवाला दोनदा येऊन परत गेला. रोह्यांनी हरभऱ्याचा एक कोपरा साफ केला, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी वाक्य पुरं केलं. पोखर्णीला भाच्याच्या पोराचं जावळ होतं, गेलो नाही. भाऊ म्हणाला, "दादा, तुमी कंडक्टरचे मास्तर झालात, पर शेताचं वाटोळं करायलात." मी त्याला म्हणालो, "गढी पडायली, अन् तुला तुरीचं पडलंय!" दुपारी मंगलला विचारायचो, "कुठपर्यंत आलो आपण?" ती बरोबर सांगायची. चौथा खंड असा संपला, पाचवा संपत आला.

एकच गोष्ट मला दिसत होती आणि मी बघत नव्हतो. मंगल जास्त जास्त झोपायला लागली होती. मी आखाड्यावरून यायचो तेव्हा ती उठायची ते दमून, दिवसभर ज्वारी खुडून आल्यासारखी.

संक्रांतीच्या आधी एके दुपारी तिला मी सगळं सांगून टाकलं. आखाड्यावरचं वाचन, तो हुंकार, सगळं. वाटलं, खूश होईल. तिचा चेहरा उतरला.

"मला सपान पडतंय," ती म्हणाली. "तुमी लांब बसलेले दिसता. अन् तुमच्या-माझ्या मधे कोनतरी बसलेलं असतंय. पाठमोरं. ते हूं म्हनतंय, अन् मग मला बी म्हनावंच लागतंय."

"मीच असेन तो पाठमोरा."

"तुमी न्हाई. तुमी तं पल्याड दिसता." तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. "शेवटचा खंड तिकडं न्यायचा न्हाई. इथं वाचायचा, मव्ह्यासमोर. लागू द्या किती बी दिवस. अडखळा, पर मला वाचून दाखवा."

मला वाटलं, रुसलीय. आपल्याला सोडून एकटाच पुढं वाचतो म्हणून. म्हटलं, बरं बाई, तुझ्याच समोर. आणि शेवटचा, सहावा खंड मी खरंच तिच्यासमोरच सुरू केला. ते दिवस आमचे फार चांगले गेले. ती जागी असायची, भांडायची, माझ्या उच्चारांवर हसायची. हैबती म्हातारा झाला होता, गढीतून सगळी माणसं निघून गेली होती, तो एकटा दरवाजा धरून बसला होता. "मरतो का वं हा?" ती विचारायची. मी शेवटचं पान बघायचो नाही. म्हणायचो, "आपल्याला बरोबरच कळंल."

निम्मा खंड झाला आणि ती तापली. थंडीचा कडाका होता. छाती भरली, किडन्यांनी हात टेकले, आणि आम्ही तिला परभणीला नेलं. आयसीयूत ठेवली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शुद्ध नाही. भेटायला सकाळी-संध्याकाळी जरा वेळ सोडायचे, बाकी वेळ बाहेर. मुलगा पुण्याहून येऊन औषधांसाठी, रिपोर्टांसाठी पळत होता. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही, वाट बघू.

दवाखान्याच्या आवारात कडुनिंब होता आणि त्याला पार. सगळे नातेवाईक तिथंच डबे घेऊन बसायचे. मीही तिथंच. पिशवीत तिचा टॉवेल, माझा मोबाईल आणि तो सहावा खंड. मोबाईलचा आवाज बंद केला होता, वर तशी पाटीच होती. पहिला दिवस मी नुसता भिंतीकडे बघत काढला. दुसऱ्या दिवशी राहवेना. पुस्तक काढलं, आमचं थांबलेलं पान उघडलं आणि हळू आवाजात एक वाक्य वाचलं.

झाडामागून आलं, "हूं."

मी तुम्हाला काय सांगू... मी ढसाढसा रडलो. आजूबाजूची माणसं बघायला लागली. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. त्यांना वाटलं माझं माणूस गेलं. मी रडत होतो कारण ती होती! वर नळ्या लावून पडलीय, डॉक्टरला काही कळत नाही, पण ती ऐकतेय. पुढचं वाक्य वाचलं. हूं. माझ्यासाठी ते त्यांच्या मशीनवरच्या रेषेपेक्षा खरं होतं.

मग तेच. भेटून आलो की पारावर बसायचं आणि वाचायचं. पानं संपत आली तसा मी हळू वाचायला लागलो. एकदा वाटलं, आधीचीच पानं परत वाचावीत, म्हणजे शिल्लक राहतील. वाचलेलं पान परत वाचलं. हुंकार आला नाही. दुसरं वाक्य. नाही. भराभर पानं उलटून न वाचलेली ओळ काढली, म्हटली — हूं. त्यानंतर मी जुन्या पानाला हात लावला नाही. तिला नवं हवं होतं. नवं आहे तोवर ती आहे, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं.

ज्या दिवशी पानं संपली त्या दिवशी सकाळी भेटायला गेलो तेव्हा ती तशीच पडून होती. मी तिच्या कानाशी म्हटलं, "आज शेवट हाय गं." खाली आलो. मुलगा रक्ताच्या बाटलीसाठी कुठंतरी गेला होता. मी वाचायला बसलो. शेवटच्या पानावर हैबती गढीच्या दारातच कोसळतो, आणि वारा कवाडं हलवत राहतो. पुस्तक संपलं. शेवटच्या वाक्याला हुंकार आला, लांब, तुटलेला. आणि मग शांत.

ती शांतता मला सहन होईना. मी पुठ्ठा उलटला, पाठीमागचा मजकूर वाचला, छापखान्याचं नाव वाचलं. त्यालाही हूं आलं! ते संपलं आणि परत शांतता. मी कडुनिंबाकडे बघितलं, वर खिडकीकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "...पण हैबती मेला नव्हता."

"हूं."

"नुसता पडला होता. शुद्ध गेली होती."

"हूं."

"पहाटं दव पडलं अन् त्याला जाग आली."

काय काय सांगितलं मी! त्याला उठवला, दुसरी घोडी दिली. दुधना नदी ओलांडून आणला. इतिहास मला कुठं ठाऊक, मला माझे रूटच ठाऊक. हैबतीला मी मानवत, पाथरी करत गोदावरीच्या काठाला नेलं. प्रत्येक स्टॉपला एक लढाई, एक धर्मशाळा, एक फितूर. कुठून सुचत होतं देव जाणे. हुंकार भराभर यायला लागला, वाक्य पुरं व्हायच्या आत. आधी झाडामागून यायचा, आता अगदी माझ्या बाजूनं, पारावर बसल्यासारखा. मला मजा यायला लागली होती. होय, मजा. बायको वर मरणाच्या दारात आणि मी हातवारे करून घोडी पळवत होतो, कारण माझी खात्री होती की ती ऐकतेय आणि मी थांबलो नाही तर ती जाणार नाही. जेवायचं भान नाही, ऊन फिरलं त्याचं भान नाही.

खांद्यावर हात पडला. वॉचमन होता. "सेलूवाले तुमीच ना? वर बोलावलंय. कवाचं शोधायलेत तुमाला."

वर गेलो तर नुकताच परतलेला मुलगा भिंतीला टेकून खाली बसलेला. आत मंगलच्या तोंडावर चादर ओढलेली.

मी म्हटलं, "आत्ता? आत्ताच गेली?" आयसीयूची सिस्टर रडवेली झाली होती. "नाही हो काका, दुपारी. जेवणाच्या वेळेलाच. किती फोन केले तुम्हाला."

दुपारी. आणि आता ऊन उतरलं होतं. ही सगळी दुपार मी...

"तुम्ही खाली गेलात ना, त्यानंतर मावशी शुद्धीवर आल्या होत्या," सिस्टर म्हणाली. "बराच वेळ होत्या. नीट बोलत होत्या. मास्क बाजूला करून तुम्हाला विचारत होत्या. मी म्हटलं, काका खालीच वाचत बसलेत, बोलावते. फोन केला, उचलला नाही. वॉर्डबॉय मामांना खाली पाठवलं, ते मेडिकलपाशी शोधून तसेच परत आले. मावशींचं आपलं एकच चाललं होतं. म्हणायच्या, 'ते वाचायलेत ना खाली? मग मला कामून ऐकू येईना? त्यांना म्हनावं, मोठ्यानं वाचा, मला काहीच ऐकू येईना.' शेवटपर्यंत तेच, काका."

मुलाला मी नंतर सगळं सांगितलं. तो समजूतदार आहे. म्हणाला, पप्पा, तुम्ही झोपला नव्हता, खाल्लं नव्हतं, माणसाला भास होतात. आखाड्यावरचा होला असेल. आईनं ती मालिका आधी कधी ऐकली असेल कोणाकडून, म्हणून घोडीचं कळलं असेल. मी मान हलवतो. असेल. माझ्याकडे दुसरा खुलासा नाही, आणि इथं कोणाकडे असेल तर मला तो नको आहे. इतका वेळ पारावर माझ्या शेजारी बसून हूं कोण म्हणत होतं, हे मला कळून घ्यायचंच नाही.

आमच्यात दहन नसतं, समाधी देतात. मंगलला शेतातच दिली, बांधाजवळ. मुलगा म्हणाला, पप्पा, आईजवळ बसून तो शेवट एकदा वाचून टाका, तुम्हालाच हलकं वाटेल. वाचनालयाचा खंड परत केला होता, त्यानं नवा पाठवला. मी रोज जातो. समाधीपाशी बसतो, आमचं थांबलेलं पान उघडतो. तिनं विचारलं होतं, मरतो का वं हा. तिला ते कळायचं राहून गेलं, आणि सांगायला माझ्याशिवाय कोणी नाही. तोंड उघडतो, पहिला शब्द जिभेवर येतो, आणि मी ते पुन्हा मिटून घेतो. तिच्या आधी दुसऱ्याच कोणी हूं म्हटलं तर... थोडा वेळ तसाच बसतो आणि घरी येतो.